वनस्पतिजन्य ट्यूब फीड: सात महिने वापरल्यानंतर

पक्षाघातानंतर आईला गिळता येईना. आधी नाकातून राइल्स ट्यूब होती, नंतर पोटावर पेग (पोटाच्या कातडीतून थेट जठरात जाणारी नळी) बसवली. दुधाच्या प्रथिनांच्या नेहमीच्या फीडवर तिला दिवसातून चार-पाच वेळा पातळ संडास व्हायची. कातडी सोलवटली होती, डायपर बदलताना ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. मी निदान करून मोकळा झालो: दूध बाधतंय. वाटाण्याच्या प्रथिनांचा फॉर्म्युला सुरू करा म्हणून हट्ट धरला.

आहारतज्ज्ञ बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं की बहुतेक तयार फीडमध्ये लॅक्टोज (दुधातली साखर) नसतंच, त्यामुळे 'दूध पचत नाही' हे कारण इथे सहसा लागू पडत नाही. दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी ही वेगळी गोष्ट, ती आईला नव्हती. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

बदल एकदम केला नाही. पहिले दोन दिवस पाव हिस्सा नवा, मग निम्मा, असं करत आठ दिवसांत पूर्ण. तरी पहिला पंधरवडा गॅसने काढला. पोट नगाऱ्यासारखं. या फीडमध्ये तंतू जास्त आहेत, आतड्यांना सवय व्हायला वेळ लागतो. 250 मिली फीड मी पंधरा मिनिटांत उरकत होतो, ते अर्ध्या तासावर नेलं तेव्हा जरा उतार पडला. फ्रीजमधलं थेट देणंही बंद केलं.

संडास पाचवरून तीनवर आली, पण पातळच. मग एका रात्री औषधांच्या बाटल्या पुसताना पॅरासिटामॉलच्या सिरपवर बारीक अक्षरांत सॉर्बिटॉल दिसलं, म्हणजे गोडव्यासाठी घालतात ते, जे जास्त झालं की जुलाब होतात. दिवसातून चार वेळा तेच चाललं होतं! डॉक्टरांनी कुटून देता येणारी गोळी लिहून दिली (सगळ्याच गोळ्या कुटायच्या नसतात, विचारूनच करा). चार दिवसांत दिवसाला एकदा, घट्ट.

म्हणजे फॉर्म्युल्याचा काहीच गुण नाही? पाचव्या महिन्यात माल वेळेवर आला नाही, म्हणून चार दिवस जुनं फीड द्यावं लागलं. मला वाटलं, आता पुन्हा सुरू. जुलाब झाले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून फीडनंतर तासाभराने आंबट ढेकर आणि घशाशी येणं परतलं. सिरिंज लावताना पातळी जागच्या जागी थबकायची, आई उजवा हात पोटावर ठेवून नकारार्थी हलवायची. केसिन (दुधातलं मुख्य प्रथिन) आम्लात साकळतं, वाटाण्याचं प्रथिन तसं साकळत नाही. कदाचित म्हणून पोट लवकर रिकामं होत असेल. आमच्यापुरता फरक पोटाच्या जडपणात पडला, जुलाबात नाही. जुलाबांसाठी मी उगाच फीडला बोल लावला होता.

तक्रारी आहेतच. हे फीड दाट आहे आणि तळाशी साका बसतो. तिसऱ्या महिन्यात नळी पूर्ण तुंबली. फीड संपल्यावर पाणी न घालता लगेच औषध दिलं होतं, चूक माझीच. कोमट पाणी भरून सिरिंजचा दट्ट्या हळूहळू मागेपुढे करत बसलो, वीस मिनिटांनी सुटली. आता फीडआधी, नंतर आणि प्रत्येक औषधामागे 30 मिली पाणी ठरलेलं. आमची पेग 20 फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप), जाड. नाकातल्या बारीक नळीला हे झेपेल का, आधी विचारून घ्या. वास कच्च्या डाळीच्या पिठासारखा, ढेकरातून तोच येतो. बहीण तर खोलीबाहेर जाते.

वाटाण्यात मेथिओनीन हे अमिनो आम्ल कमी असतं, म्हणून लेबल वाचून घेतलं. आमच्यात तांदळाचं प्रथिनही आहे. आई वॉर्फरिनवर (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध) आहे, व्हिटॅमिन केमुळे त्याचा परिणाम बदलतो आणि नव्या फीडमधलं व्हिटॅमिन केचं प्रमाण वेगळं, हे मात्र मला सुचलं नव्हतं. डॉक्टरांनी आठवड्याने आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) करायला लावला आणि डोस थोडा बदलला. ज्यांच्या घरी हे औषध चालू आहे त्यांनी फीड बदलण्याआधीच सांगावं.

पलंगाचं डोकं 30 ते 45 अंशांवर, फीडनंतरही तासभर. भिंतीवरच्या वहीत वेळ, मिली आणि संडासचा ब्रिस्टल नंबर (1 म्हणजे अगदी कडक, 7 म्हणजे पाण्यासारखी) लिहितो. गेला महिना बहुतेक 4 आहे. दोनदा 6 आले, दोन्ही वेळा अँटिबायोटिक चालू होतं.