घरचा ७.२ किलोवॅट चार्जर, दहा महिने: चार्जर चांगला, अर्थिंगनं रडवलं

एप्रिलचा शेवटचा आठवडा. सकाळी अक्कलकोटला निघायचं म्हणून रात्री इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावली. पहाटे उठून बघतो तर चार्जरवर लाल दिवा आणि बॅटरी २२ टक्क्यांवर. सहा महिने विनातक्रार चाललेला चार्जर!

डीलरच्या सर्व्हिसवाल्यानं येऊन 'अर्थ फॉल्ट, वॉरंटीत बसत नाही' एवढंच सांगितलं आणि व्हिजिटचे ६०० रुपये घेतले. त्या संतापात मी चार्जरला एक स्टार दिला होता. तो आता मागे घेतोय.

कारण दुसऱ्या दिवशी आमचे जुने वायरमन अण्णा आले. त्यांनी अर्थ टेस्टर लावला, तर ३८ ओहम. (हा आकडा जितका कमी, तितकं अर्थिंग चांगलं.) "अर्थिंग मेलंय ओ साहेब. चार्जर शहाणा, म्हणून बंद पडला." बसवताना डीलरच्या माणसानं घराच्या अर्थिंगच्या जुन्याच खड्ड्याला वायर जोडली होती. टेस्टर लावलाच नव्हता. वर आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) जुनाच, १०० मिलिअँपचा एसी टाइप. चार्जरसाठी ३० मिलिअँपचा, निदान ए टाइप लागतो. गाडीच्या चार्जिंगमध्ये डीसी गळती झाली तर एसी टाइपला ती नीट कळत नाही. माझी मुलं त्याच पोर्चमध्ये खेळतात. सहा महिने हे असंच चालू होतं, याचा राग अजून जात नाही.

जुळे सोलापुरात आमच्याकडे वर मुरूम. पावसाळ्यात, थंडीत ओल असते, अर्थिंग बरं दाखवतं. उन्हाळ्यात खड्डा कोरडा ठाक. त्यात पाणी ओतायचं म्हणावं तर नळाला चार-पाच दिवसांआड पाणी! अण्णांनी नवा खोल खड्डा घेतला, त्यात तांब्याचा रॉड आणि ओल धरणारी पावडर. आरसीसीबीसकट ९,४०० रुपये गेले. आता ३ ओहम.

अनुदानाचं विचाराल तर शून्य. केंद्राच्या ई-वाहन योजनेत, पीएम ई-ड्राइव्हमध्ये, १०,९०० कोटींपैकी चार्जिंगचे २,००० कोटी सार्वजनिक स्टेशनांसाठी आहेत. दिल्लीनं २०२० च्या धोरणात पहिल्या ३०,००० चार्जिंग पॉइंटना प्रत्येकी ६,००० रुपयांपर्यंत देऊ केले होते. आपल्याकडे घरच्या चार्जरला तेवढी रक्कम द्यावी आणि अर्थिंगचा रिपोर्ट जोडल्याशिवाय देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

बिलाचं थोडक्यात: घरच्याच मीटरवर चार्जिंग घेतलं तर ३०० युनिटच्या वरचा स्लॅब लागतो आणि दर एकदम चढतो. वीज ग्राहक हक्कांच्या नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर गाडीसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं. मी अर्ज केलाय.

चार्जरला आता साडेचार स्टार, बसवणाऱ्यांना अर्धा. बसवून घेणार असाल तर टेस्टरचा आकडा बिलावर लिहून घ्या, त्याशिवाय पैसे देऊ नका. मी पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा टेस्टर लावणार आहे. जो आकडा येईल तो इथेच लिहीन.