मोटर बदललीच नव्हती

व्हॅक्यूम क्लीनरच्या दुरुस्तीपायी माझ्या आईचे 48,350 रुपये गेले. त्यातले 9,850 एक जण घरात येऊन, खुर्चीत बसून, पाणी पिऊन, पावती फाडून घेऊन गेला. उरलेले 38,500 फोनवरून गेले. आईची तयारी नव्हती म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. मागच्या महिन्यात तीच म्हणाली, "लिही बाई, कोणाचे तरी वाचतील." थोडं मागून सुरू करते, नाहीतर एवढ्या जपून वागणाऱ्या बाईने अनोळखी माणसावर विश्वास कसा ठेवला हे कळणार नाही.

आमचं बालपण चंद्रपूरला गेलं. बाबा महाऔष्णिक वीज केंद्रात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते आणि आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता यायचं. कोळशाची काळी पूड आणि राखेची करडी भुकटी, दोन्ही घरात. दोरीवरचे पांढरे कपडे झटकूनच आत घ्यायचे, ही आम्हा भावंडांची पहिली शिस्त. त्यात धाकट्याला दमा. हिवाळ्यात कितीतरी रात्री आई त्याला मांडीवर उभा धरून बसलेली मी पाहिली आहे.

अशा घरात 1991 साली टाय लावलेला एक सेल्समन आला. तेव्हा व्हॅक्यूम क्लीनर दुकानात कमी आणि दारात जास्त विकले जायचे. त्याने काळा रुमाल काढला, नळीच्या तोंडावर ताणून बसवला आणि भावाच्या गादीवरून दहा-बारा वेळा फिरवला. रुमाल काढला तर मधोमध रुपयापेक्षा मोठा पांढरट गोल. तो रुमाल आईच्या हातात देऊन तो एवढंच म्हणाला, "वहिनी, बाळ रोज हे श्वासात घेतं." आईने बाबांकडे पाहिलं. यंत्राची किंमत बाबांच्या पगाराहून जास्त होती. हप्त्यांवर घेतलं.

यंत्र उत्तम निघालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाबांच्या मनातून तो गोल गेला नाही. आमच्या घरातली धूळ काळी-करडी, मग रुमालावर पांढरं कसं? पुढच्या वर्षी त्यांनी नवा कापूस पिंजून, नवी खोळ घालून गादी भरून घेतली आणि कोणी अंगही टाकायच्या आत तिच्यावर तसाच काळा रुमाल फिरवला. तसाच गोल उमटला. बराचसा कापसाचा तूस होता. जुन्या गादीत धूळ असते, धुळीतले बारीक किडे असतात, दम्याच्या माणसाला त्याचा त्रास होतो, हे सगळं खरंच आहे. पण त्या रुमालाने त्यातलं काहीच सिद्ध होत नव्हतं. कोणाच्याही गादीवर, केव्हाही फिरवा, गोल उमटणारच. तुमच्या घरी कोणी असा रुमाल काढला तर त्याला घरातली नुकतीच धुतलेली रजई द्या आणि तिच्यावर फिरवायला सांगा.

दुसरं यंत्र चांदा क्लब ग्राउंडवरच्या प्रदर्शनातलं. खोक्यावर मोठ्या आकड्यात '2000 वॉट' लिहिलेलं, किंमत निम्मी. वॉट म्हणजे यंत्र वीज किती खातं तो आकडा. धूळ किती ओढतं ते त्यावरून कळत नाही. युरोपात तर 2017 पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरला 900 वॉटची मर्यादा आहे आणि तरी तिथली घरं स्वच्छ होतातच. आमच्या त्या यंत्राची पिशवी आठ महिन्यांत फाटली आणि तशी पिशवी पुन्हा कुठेच मिळाली नाही. प्रदर्शन उठलं होतं. सोडून दिलं.

तिसरं यंत्र 2012 साली बाबांनी स्वतः दुकानात जाऊन, उघडून बघून घेतलं. तोवर ते निवृत्त झाले होते आणि चंद्रपुरातच तुकूमला आमचं घर झालं होतं. हे त्यांचं लाडकं. दर रविवारी पिशवी रिकामी करून फिल्टर झटकायचे, नळीत काडी घालून बघायचे. 2014 साली ते एकदा अडखळायला लागलं तेव्हा त्यांनी ते अंगणात वर्तमानपत्रावर उघडलं, गावातून कार्बन आणले आणि बदलले. कार्बन म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन छोटे तुकडे, पेन्सिलच्या शिशासारखे काळे, बोटाच्या पेरापेक्षा लहान. पाठीमागे स्प्रिंग असते. ते घासत घासत झिजतात, झिजले की ठिणग्या उडतात, जळका वास येतो आणि यंत्र मध्येच बंद पडतं. मोटर ठणठणीत असते. बाबांची कारखान्यातली एक सवय होती, उघडलेल्या प्रत्येक वस्तूवर तारीख घालायची. तशी त्यांनी मोटरच्या अंगावर लाल ऑइलपेंटने बारीक ब्रशने तारीख घातली होती. हे आम्हाला कोणालाच आठवत नव्हतं. 2016 साली बाबा गेले.

2023 ची दिवाळी जवळ आली होती. आई घरी एकटी, मी नागपूरला, भाऊ पुण्याला. साफसफाई करताना यंत्र बंद पडलं आणि जळका वास आला. शेजारच्या मुलाने मोबाइलवर कंपनीचं नाव आणि 'चंद्रपूर सर्व्हिस सेंटर' असं टाकलं. सगळ्यात वर जो नंबर आला त्यावर कंपनीचंच चिन्ह होतं. फोन लावला. बोलणारी मुलगी गोड, तक्रार क्रमांकही दिला.

दुसऱ्या दिवशी माणूस आला. निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक. यंत्र उघडलं, वास घेतला आणि म्हणाला, "काकू, मोटर पूर्ण जळून गेली. वास येऊन राहिला न? अशीच चालवली असती तर घरात शॉर्टसर्किट झालं असतं." पुढे त्याने विचारलं, "घरी कोणाला दमा-बिमा आहे का?" आईने सांगितलं, मुलाला होता, आता नातवालाही आहे आणि तो दिवाळीला येणार आहे. तो म्हणाला, "मग तर फिल्टरचंही बघावं लागते."

मग त्याने आईला जुनं बिल शोधायला सांगितलं. आई आतल्या खोलीत गेली, कपाटातली फाइल काढली, चष्मा शोधला. दहा मिनिटं लागली. बाहेर येऊन बघते तो यंत्र बंद करून ठेवलेलं आणि कागदावर एक काळीठिक्कर मोटर. "ही तुमची. नवीन बसवली." बटण दाबलं, यंत्र घरघरलं. मोटरचे 4,850. शिवाय तीन वर्षांचा देखभाल करार 5,000, "आजच घेतला तर, उद्यापासून साडेसात." आईने दोन्ही पैसे त्याने दाखवलेल्या क्यूआर कोडवर भरले. फोनवर एका माणसाचं नाव आलं, कंपनीचं नव्हे. तिने विचारलंही. तो म्हणाला, "कंपनीचं मशीन अपडेट होऊन राहिलं, म्हणून साहेबांच्या खात्यावर." पावतीवर कंपनीचं नाव, शिक्का, सही होती, जीएसटी क्रमांक नव्हता. जुनी मोटर त्याने "भंगारात टाकतो" म्हणून सोबत नेली. ती ठेवून घ्यायची हे आईला सुचलं नाही. मलाही कदाचित सुचलं नसतं.

पाच आठवड्यांनी यंत्र पुन्हा बंद पडलं. तेव्हा मी चंद्रपूरला होते. करार होता म्हणून त्या नंबरवर फोन केला, तर उचलेनात. शेवटी मी ते पिशवीत घालून जटपुरा गेटच्या बाजूला मोटर वाइंडिंगचं काम करणाऱ्या एका काकांकडे नेलं. त्यांनी चार स्क्रू काढले, टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावलं.

"ताई, ही मोटर नवीन नाही."

मोटरच्या बाजूला, धुळीच्या थराखाली, लाल रंगात लिहिलेलं होतं: 9-3-14. बाबांचा 9 नेहमी खालून वळलेला असायचा. तोच.

म्हणजे मोटर बदललीच नव्हती. त्याने सॅकमधून आणलेली दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राची जळकी मोटर आईला दाखवली होती. आमच्या झिजलेल्या कार्बनमागची स्प्रिंग ओढून लांब केली होती, म्हणजे उरलेला तुकडा आणखी थोडे दिवस टेकून राहील. काकांनी ती ताणलेली स्प्रिंग माझ्या तळहातावर ठेवली. नवे कार्बन बसवले, जोडीचे 120 आणि मजुरीचे 150 घेतले. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. पैशांसाठी नाही.

घरी येऊन आईला सांगितलं, ही माझी चूक झाली असं मला आजही वाटतं. सांगायचं होतंच, पण तिला एकटी सोडून मी दुसऱ्या दिवशी नागपूरला परत यायला नको होतं. तिच्या मनाने घेतलं की आपणच हे निस्तरायचं, मुलांच्या डोक्याला ताप नको. मी गेल्यावर तिने त्याच नंबरवर फोन केला आणि पोलिसात जाईन म्हणून बजावलं. तासाभरात दुसऱ्या नंबरवरून 'हेड ऑफिस'चा फोन. त्याला पावतीचा क्रमांक, तारीख, रक्कम सगळं पाठ. तो त्या माणसाला चार शिव्या घालून म्हणाला, "मॅडम, त्याला कामावरून काढलंय. तुमचे पूर्ण 9,850 आत्ता परत करतो." फॉर्म भरायला म्हणून एक अ‍ॅप घ्यायला लावलं. त्या अ‍ॅपमुळे आईच्या फोनचा पडदा त्याला तिकडे दिसायला लागला. मग "पैसे जमा व्हायला पिन टाका" म्हणाला. दोनदा टाकायला लावला, "पहिल्यांदा फेल झालं" म्हणून. एकदा 19,500 गेले, एकदा 19,000.

यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे जातात. घरातल्या मोठ्या माणसांना हे आज फोन करून सांगा, माझा लेख पाठवून थांबू नका.

आईने मला दोन तासांनी फोन केला. आवाज इतका बारीक की मला वाटलं पडली की काय. मी लगेच 1930 ला फोन लावला, ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली. बँकेलाही कळवलं. दोन तासांत बरेच पैसे पुढच्या खात्यांतून निघून गेले होते. 9,200 तेवढे थांबवता आले आणि न्यायालयाचा आदेश होऊन बऱ्याच महिन्यांनी परत मिळाले. बाकीच्याबद्दल बँकेने हात वर केले. तेव्हा लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाचा दोष नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान त्याच्यावर येत नव्हतं. पण पिन त्याने स्वतःच टाकला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. म्हणून मिनिटं महत्त्वाची. आईने ते दोन तास देवघरासमोर बसून काढले होते, मला कसं सांगायचं या विचारात. ते दोन तास मला सगळ्यात जास्त छळतात.

खऱ्या कंपनीला विचारलं तर तो नंबर त्यांचा नव्हताच. नकाशावर आणि शोधात कोणीही कोणाच्याही नावाने नंबर चढवू शकतो, पैसे भरून जाहिरात सगळ्यात वर आणू शकतो. खरा नंबर आईच्या हातातल्या फाइलमध्ये, त्या जुन्या बिलावर छापलेला होता. ग्राहक आयोगात जायचा विचार केला. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. सगळं सोपं आहे, पण समोर नाव-पत्ता असलेला कोणीतरी लागतो. आमच्याकडे शिक्का होता. म्हणून पैसे देण्याआधी पावतीवरचा 15 अक्षरांचा जीएसटी क्रमांक पाहा, तो सरकारी संकेतस्थळावर टाकला की नोंदणी कोणाच्या नावाने आहे ते लगेच दिसतं. काढलेला भाग घरात ठेवून घ्या. दुरुस्तीवाल्याच्या समोरून उठू नका. बिल, पाणी, काहीही मागितलं तरी. आणि यंत्र गरम होऊन आपोआप बंद पडलं असेल तर आधी पिशवी आणि नळी मोकळी करा, तासभर थंड होऊ द्या. हवा अडली की मोटर वाचवायला ते स्वतःच बंद होतं, बऱ्याच यंत्रांत तशी सोय असते.

आईने सहा महिने त्या यंत्राला हात लावला नव्हता. खोलीच्या कोपऱ्यात जुन्या लुगड्याखाली झाकलेलं असायचं. पुढच्या मे महिन्यात नातू यायच्या आधी तिने ते काढलं, पुसलं. मी गेले तेव्हा यंत्राच्या पोटावर पांढरी चिकटपट्टी दिसली. तिच्या गोल अक्षरात बिलावरचा खरा नंबर, त्याखाली 'कार्बन बदलले' आणि काकांनी काम केलं त्या दिवसाची तारीख.