कोल्हापुरात चप्पल लाइनीजवळ ट्रेकिंग बुटाला सोल घालून घेतला आणि तोच बूट हम्प्ता पासवर नेला

गेल्या जुलैत पन्हाळा ते पावनखिंड करताना मसाई पठार संपलं आणि माझ्या उजव्या बुटाचा सोल टाचेकडनं उघडला, मग पुढचं सगळं चिखलातनं दोरीनं बांधून चाललो. बूट सहा वर्षं जुना, पण वापर जेमतेम दहा-बारा वेळा, बाकी वेळ माळ्यावर पडून. नंतर कळलं की मधला पॉलियुरेथेनचा, म्हणजे फोमचा थर दमट हवेत नुसता पडून राहिला तरी कुजतो, आणि आपल्याकडचा पावसाळा तर माहितीच आहे. बोटानं दाबलं तरी भुगा पडत होता.

नवीन बूट घ्यायचे तर सात-आठ हजार. मित्रानं चप्पल लाइनीच्या मागच्या गल्लीतलं एक छोटं दुकान सांगितलं. तिथल्या मामांनी बूट उलटा केला, वाकवला, आत हात घालून बघितलं आणि म्हणाले, "पाव्हणं, वरचं लेदर अजून दहा वर्षं जातंय, खालचंच मेलंय. आठ दिवस द्या मला, घाई करू नका." घाई करू नका म्हणणारा कारागीर मला तरी पहिल्यांदाच भेटला.

त्यांनी जुना फोम पार खरवडून काढला, चपटी फोम शीट घातली, खाली जाड रबरी सोल, दोनदा सोल्युशन लावून वाळवलं, प्रेसमध्ये ठेवलं आणि वरनं मेण लावलेल्या दोऱ्यानं चारी बाजूंनी शिलाई. शिलाईचा टाका न टाका सारखा, मी दुकानात उभा राहून बघत बसलो होतो. ६५० रुपये घेतले.

घेतल्या घेतल्या लांब न्यायचं नाही हे मामांनीच सांगितलं, म्हणून पन्हाळा दोनदा आणि जोतिबा एकदा चढून आलो, मगच जूनमध्ये मनालीला गेलो. हम्प्ता पास म्हणजे कुल्लूच्या हिरव्या बाजूनं चढायचं आणि पलीकडं लाहौलच्या उघड्या बोडक्या डोंगरात उतरायचं. उंची साधारण ४२७० मीटर, कोल्हापूरहून गेलेल्या माणसाला हवा विरळ आहे हे पहिल्या चढावरच कळतंय. म्हणून जोबऱ्याहून चिका, चिक्याहून बालू का घेरा असं मुक्काम करत हळूहळू चढायचं, डोकं दुखत असेल तर आणखी वर जायचं नाही. पासच्या दिवशी बर्फ होता, वरनं इंद्रासन आणि देव तिब्बा ही शिखरं दिसली तेव्हा मी दहा मिनिटं नुसता उभा होतो.

आता बुटाचं. सोल जागचा हललासुद्धा नाही. पासपलीकडं सियागोरूच्या मुक्कामाकडचा उतार भयंकर आहे, दगड आणि बर्फ, तिथं टाचेवर सगळं वजन येतंय, तरी शिलाई टिकली. तक्रारी दोन. एक, शिलाईच्या भोकातनं पाणी आत येतंय, बर्फात तास-दीड तास चाललो की मोजे ओले, नंतर वरनं मेण चोळलं तेव्हा बरंच थांबलं. दुसरं, आतला नवीन सुकतळा (तळपायाखालचा थर) जाड झाला, बोटांना जागा कमी पडली आणि त्या उतारावर अंगठ्याचं नख काळं पडलं. परत येऊन मामांना नख दाखवलं तर त्यांनी लगेच सुकतळा काढून पातळ केला, पैसे घेतले नाहीत.

ज्यांचे बूट वरनं चांगले आहेत त्यांनी नवीन घ्यायच्या आधी इथं नक्की दाखवावेत. फक्त मोहिमेच्या आदल्या आठवड्यात जाऊ नका, मामा घाईचं काम घेत नाहीत. जाताना ट्रेकचे जाड मोजे बरोबर न्या आणि बूट पायात घालून, बोटं पुढं आपटून बघा. रविवारी दुकान बंद असतं.