प्रदर्शनीत कोणता रोव्हर मांडावा: क्युरिऑसिटी की पर्सिव्हरन्स?

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनीत मंगळावरचा रोव्हर, म्हणजे तिथं फिरून दगड तपासणारी यंत्रगाडी, मांडायचा विचार असेल, तर दोन्हींची मॉडेलं मी पोरांकडून करून घेतली आहेत. आमची शाळा लोणारच्या बाजूची. काळ्या पाषाणातलं ते विवर पोरांच्या रोजच्या पाहण्यातलं, त्यामुळे मंगळ त्यांना फार परका वाटत नाही.

आधी पर्सिव्हरन्स केला. 2021 मध्ये जेझेरो विवरात उतरलेला, देखणा. तो दगड घासतो, नायट्रोजनच्या फुंकरीनं धूळ उडवतो, हातावरच्या उपकरणांनी दगड बारकाईनं तपासतो, मग खडूएवढी कांडी कापून नळीत बंद करतो.

घोडं अडलं ते या नळीपाशी. एका आजोबांनी सहावीतल्या पोरीला विचारलं, "मंग गोट्यात काय निंघालं, बाई?" ती म्हणाली, "नळी पृथ्वीवर आली की कळंल." "कवा येते?" तिनं माझ्याकडं पाहिलं. मी काय सांगणार? दिवसभर ज्याच्या त्याच्या तोंडी तोच प्रश्न, आणि संध्याकाळपर्यंत पोरगी पार हिरमुसली.

पुढच्या वर्षी क्युरिऑसिटी घेतला. 2012 पासून गेल विवरात असलेला हा रोव्हर दगडाचं पीठ पाडतो आणि आपल्या पोटातच तपासतो: क्ष-किरणांनी खनिजं ओळखतो, भट्टीत तापवून निघणारे वायू पाहतो. 2013 मध्ये पहिलं भोक पाडलं तेव्हा तांबूस दगडाच्या आतून करडी भुकटी निघाली, आणि तिच्यात पाण्यामुळं बनणारी चिकणमातीची खनिजं सापडली. आम्ही शेजारी शेतातल्या बोअरची भुकटी बाटल्यांत ठेवली, वर तांबडा मुरूम, खाली करडा पाषाण. बोअरच्या गाडीपाशी उभं राहून मुठीत भुकटी चोळून पाहिलेल्या माणसाला आणखी काय समजवायचं? लोक आपणच पोरीला सांगू लागले.

पर्सिव्हरन्सला कमी लेखत नाही. 2024 मध्ये चेयावा फॉल्स नावाच्या दगडावर त्याला बिबट्याच्या अंगावरच्यासारखे ठिपके दिसले. ती प्राचीन सूक्ष्मजीवांची खूण असू शकते. जीवसृष्टी हाच तुमचा विषय असेल तर कदाचित तोच बरा, फक्त नळीच्या प्रश्नाची तयारी ठेवा.

क्युरिऑसिटी घेतलात तर भुकटी बोअर चालू असतानाच, दर दहा फुटांना वेगळ्या पिशवीत भरून घ्या. नंतर ढिगात सगळी एक होते.