रीच्ड की हॅव रीच्ड?

माझी भाची नेरूळला राहते, दहावीला आहे, आणि ठाण्याला आमच्याकडे आली की इंग्लिशची वही काढतेच. तिचा अडकायचा पॉइंट एकच, 'आय रीच्ड' आणि 'आय हॅव रीच्ड' यात नेमकं काय वेगळंय, कारण रेग्युलर व्हर्बला दोन्हीकडे तेच ईडी लागतं.

मी म्हटलं, अगं आपल्याकडे आहे की हा फरक! ठाणे स्टेशनला उतरून तू फोन करतेस 'मावशी, मी पोचलेय', ते हॅव रीच्ड, म्हणजे पोचलीस आणि आत्ता तिथेच उभी आहेस, मी न्यायला यायचं. नंतर मैत्रिणीला 'काल सहाला पोचले' सांगतेस ते नुसतं रीच्ड, विषय संपला.

पण एका ठिकाणी मराठी फसवते हां. आपण 'हे मी कालच केलंय' बिनधास्त बोलतो, इंग्लिशमध्ये यस्टरडे किंवा 2019 असा संपलेला काळ आला की हॅव चालत नाही, 'आय हॅव रीच्ड यस्टरडे' चूकच.

मला विचाराल तर आधी साधा पास्ट पक्का करा. आपलं पोचला-पोचली-पोचले बदलत राहतं, तिथे आय, शी, दे सगळ्यांना एकच रीच्ड, हॅवमध्ये मात्र ही-शीला हॅज लक्षात ठेवावं लागतं. उच्चार दोन्हीकडे सारखाच, रीच्डचा शेवट ट सारखा, कॉल्डचा ड, आणि वेटेडमध्ये पूर्ण इड ऐकू येतं, हे तिच्याकडून मोठ्याने म्हणून घेतलं तेव्हा कुठे बसलं.