कार एसी: बंद इंजिनवर गेज दाखवून कॉम्प्रेसर बदलायला लावतात

उन्हाळा लागला की कोल्हापुरात जागोजागी ‘कार एसी गॅस भरून मिळेल’ असे बोर्ड दिसायला लागतात. त्यातल्याच एका गॅरेजनं मला सोळा हजारांहून जास्तीला बुडवलं. नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण ज्या पद्धतीनं फसवलं ती नीट सांगतो, कारण ती कुठल्याही गाडीवर चालते.

माझी पेट्रोल हॅचबॅक. तक्रार एकच होती. हायवेला लागून कागलकडं निघालो की केबिन गारेगार, आणि ताराराणी चौकात सिग्नलला थांबलं की जाळीतून कोमट वारा. गाडी सुटली की पुन्हा गार. हे मी गॅरेजमध्ये पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. ज्याला एसी कळतो त्याचं निम्मं निदान एवढ्यावरच होतं. ते कसं, पुढं सांगतो.

त्यानं बॉनेट उघडलं, पाइपला हात लावला आणि म्हणाला, “गॅस कमी हाय साहेब.” दाब मोजणारा गेज लावला नाही, लिकेज बघितलं नाही, 1,800 रुपये घेऊन गॅस मारला. एसीची यंत्रणा बंदिस्त असते. त्यातला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. रबरी पाइपांतून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, पण ‘दरवर्षी टॉपअप लागतोय’ ही निव्वळ थाप. गॅस खरंच कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतोय, आणि ती जागा सापडल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा जाणार. शिवाय गॅस वजनावर भरायचा असतो. किती ग्रॅम आणि कुठला (बहुतेक गाड्यांत आर-134ए, काही नव्या गाड्यांत आर-1234वायएफ) ते बहुतेक गाड्यांच्या बॉनेटखाली स्टिकरवर छापलेलं असतं. इथं वजनकाटाच नव्हता.

गॅस भरल्यावर त्रास वाढला. सिग्नलला आता कॉम्प्रेसरच (गॅस दाबून यंत्रणेत फिरवणारा पंप) कट व्हायला लागला. पुन्हा गेलो तेव्हा खरा खेळ झाला.

त्यानं इंजिन बंद करायला लावलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. चहा पिऊन होईपर्यंत पंधराएक मिनिटं गेली. मग गेज आणून लावला, निळी नळी लो साइडला (कमी दाबाची बाजू), लाल हाय साइडला (जास्त दाबाची बाजू). दोन्ही काटे 110 पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) आसपास येऊन थांबले. “बघा साहेब, तुमच्या डोळ्यांदेखत हाय. लाल काटा दोनशेच्या वर पायजे, निळा चाळीसच्या आत. दोनी सारखेच. कॉम्प्रेसर दाबच धरंना. संपला त्यो.”

त्यानं सांगितलेले आकडे खरे आहेत, म्हणून तर माणूस फसतो. उन्हाळ्यात आर-134एच्या गाडीत लो साइडला ढोबळमानानं 30 ते 40 आणि हाय साइडला 180 ते 250 पीएसआय दिसतं. पण ते इंजिन चालू, एसी फुल आणि कॉम्प्रेसर फिरत असताना. इंजिन बंद करून थोडा वेळ गेला की दोन्ही बाजूंचा दाब आपोआप सारखा होतो. तसा तो व्हायलाच पाहिजे. आणि तो किती दिसेल हे हवेच्या तापमानावर ठरतं: 30 अंशाला शंभरच्या जरा खाली, 35 अंशाला 110च्या पुढं. कोऱ्या गाडीला लावलात तरी बंद इंजिनवर तेवढंच दाखवेल. आत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असला तरी हा आकडा बदलत नाही, म्हणजे बंद गाडीवरच्या गेजवरून गॅस पुरेसा आहे की कमी, तेही कळत नाही. कॉम्प्रेसर फिरत असूनही दोन्ही काटे जवळजवळ आले तर मात्र त्याच्यावर संशय घ्यायला जागा आहे.

‘रिकंडिशन’ कॉम्प्रेसरचे 14,500 घेतले. जुना परत मागितला तर आधी “भंगारात गेला” म्हणाला, मग आतून एक आणून दिला. माझ्या गाडीचा पट्टा सहा खाचांचा, आणि त्या कॉम्प्रेसरच्या पुलीवर खाचा पाच. माझा चांगला कॉम्प्रेसर रंग मारून आता कुणाच्या गाडीत बसलाय, देव जाणे.

एवढं करून सिग्नलला वारा कोमटच. शेवटी मित्रानं उद्यमनगरातल्या एका वयस्कर एसी मिस्त्रींकडं नेलं. त्यांनी गेजला हातही लावला नाही. एसी चालू करायला सांगून पुढच्या जाळीतून आत बघितलं आणि म्हणाले, “कंडेन्सरचा फॅन फिरंना की ओ. कॉम्प्रेसर कशाला बदलला?” फॅनला बॅटरीवरून थेट करंट दिला, तरी ढिम्म. मोटर जळलेली.

कंडेन्सर म्हणजे गॅसमधली उष्णता बाहेर टाकणारा पुढचा भाग. गाडी पळत असताना समोरून येणारं वारं तो गार करतं, म्हणून हायवेला एसी चालायचा. थांबलं की ते काम फॅनचं. तो बंद म्हटल्यावर हाय साइडचा दाब चढत जायचा आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करायचा. त्यात आधीचा जादा गॅस, म्हणून कट आणखी लवकर. माझ्या गाडीत रेडिएटरचा फॅन वेगळा आहे, त्यामुळं इंजिन कधी तापलं नाही आणि मलाही शंका आली नाही.

मोटर 2,600 रुपयांत बसली. मिस्त्रींनी सगळा गॅस मशिनवर काढून घेतला, अर्धा तास व्हॅक्यूम लावून ओल काढली, तो व्हॅक्यूम टिकतोय का ते बघितलं आणि मगच काट्यावर मोजून गॅस भरला. आधीच्यानं कॉम्प्रेसर बदलताना व्हॅक्यूम लावलाच नव्हता.

गाडीखाली पडणारं पाणी दाखवून “गॅस गळतोय” म्हणणारेही आहेत. ते कूलिंग कॉइलवर साचलेलं हवेतलं बाष्प असतं. गॅस बाहेर आला की उडून जातो. खऱ्या गळतीच्या जागी सहसा तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते.

कॉम्प्रेसर गेला असं कुणी म्हणालं तर इंजिन चालू ठेवून, एसी फुल करून गेज दाखवायला सांगा आणि तेवढ्यात फॅन फिरतोय का ते स्वतः बघा. माझ्या गॅरेजवाल्यानं पक्कं बिल दिलं नव्हतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवरचं एस्टिमेट आणि यूपीआय पेमेंटची नोंद माझ्याकडं होती. ती जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवलीय. तिथं निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. दोन वर्षांची मुदत असते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पाच खाचांचा तो कॉम्प्रेसर पुरावा म्हणून जपून ठेवलाय.