पहिल्या फोटोत स्टिकर नव्हता

जुनी स्टीलची रेसर सायकल घ्यायची, सुटी करायची आणि पंचवीस हजारांच्या आत पुन्हा उभी करायची, हे वेड मला गेल्या पावसाळ्यात लागलं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार चकरा मारून झाल्या. तिथे काळ्या, जड, दांडीवाल्या सायकली मिळतात. त्यातल्या 'रॅले' लिहिलेल्या पुष्कळशा आपल्या आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातल्या. गाडी उत्तम, पण मला हवी होती ती ही नव्हे.

मग ऑनलाइन जाहिरात दिसली. 'इम्पोर्टेड रेसर, काकांची, चौदा हजार.' फोटो एकच आणि तोही धुळीने माखलेला. मी फोन केला आणि पहिल्याच वाक्याला विचारलं, "रेनॉल्ड्स 531 आहे का?"

माती खाल्ली ती इथे. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने 1935 साली आणलेली ही मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी. तिचा पत्रा टोकांना जाड आणि मधे पातळ ठेवता येतो, म्हणून फ्रेम मजबूत राहूनही हलकी होते. जुन्या सायकलींच्या नादी लागलेला माणूस हा आकडा ऐकला की विरघळतो. समोरच्याला आकडा ठाऊक नव्हता. तो मीच त्याला पुरवला. "बघून सांगतो सर," म्हणाला. चार दिवसांनी फोन आला : "हो सर, धुतल्यावर दिसलं. 531 लिहिलंय."

चिंचवडला त्याच्या घरी गेलो. चहा झाला, पोहे झाले, काका बोटीवर होते आणि त्यांनी ही इंग्लंडहून कशी आणली ते झालं. सायकल नव्या निळ्या रंगात चमकत होती. "तुमच्यासाठीच रंग मारून घेतला." मी वर आभार मानले! सीटखालच्या नळीवर हिरवा-सोनेरी स्टिकर होता, कडा किंचित खरवडलेल्या. दोन हजार आधीच ऑनलाइन दिले होते. उरलेले बारा त्याने रोख मागितले, मी दिले. पावती मागायची लाज वाटली, पोहे खाल्ले होते ना.

चाकं सत्तावीस इंची निघाली. 'टायर कुठेही मिळतात' म्हणाला होता, ते मिळेनात. ते एक वेळ ठीक. हल्लीच्या 700 मापाची चाकं घालता येतात, रिम त्रिज्येत चार मिलिमीटर लहान पडते, ब्रेकचे रबर तेवढे खाली सरकवले की झालं. टायर, चेन, बीबीचा (पेडलं जिथे फिरतात त्या भागाचा) एक्सल, केबली धरून सात हजार खर्चून मी पेठेतल्या सायकलवाल्या काकांकडे पोचलो.

काकांनी स्टिकरकडे पाहिलंही नाही. सीटचा दांडा उपसला आणि व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची पट्टी, लावला. 25.4 मिलिमीटर. मग नळी बाहेरून मोजली, 28.6. "म्हणजे पत्रा दीड मिलिमीटरच्या वर. तुझ्या त्या 531च्या हलक्या नळीत 27.2चा दांडा जातो. हे साधं लोखंड आहे रे." सगळे पार्ट काढून फ्रेम काट्यावर ठेवली : दोन किलो नऊशे.

तरी म्हटलं, असू दे, चालवू. तेव्हा काकांनी हँडलखालच्या उभ्या नळीमागे, वरच्या आणि खालच्या पाइपावर बोट फिरवलं आणि चुंबक लावला. बाकी सगळीकडे टाचकन चिकटणारा चुंबक तिथे घसरायला लागला. रंग खरवडला तर आत लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरलेली. लांबीखाली दोन्ही पाइपांना वळ्या. गाडी कधीतरी समोरून आदळली होती, पुढच्या चाकाचा चिमटाही मागे गेलेला. "ह्यावर सिंहगडाचा उतार उतरू नकोस," एवढंच म्हणाले. मजुरी घेतली नाही.

रात्री जाहिरातीतला जुना फोटो मोठा करून पाहिला. सीटखालची नळी स्वच्छ दिसते. धूळ आहे, ओरखडे आहेत, स्टिकर नाही. पाइपावरची वळीसुद्धा दिसते, बघायची असती तर. असे हुबेहूब स्टिकर नेटवर सर्रास विकत मिळतात. खऱ्या फ्रेमवरचे झिजले की हौशी लोक तेच लावतात, त्यात गैर काही नाही. याने तो माझ्या प्रश्नावर लावला.

फोन केला. "सर, मी कुठे गॅरंटी दिली? तुम्हीच म्हणालात 531." नंतर नंबर ब्लॉक, मेसेज त्याच्या बाजूने पुसलेले. फोटो मात्र माझ्याकडे उतरवलेला राहिला, ऑनलाइन दिलेल्या दोन हजारांची नोंदही. बारा हजारांचा पुरावा फक्त पोह्यांचा.

आता जुनी फ्रेम बघायला जातो तेव्हा खिशात चुंबक आणि व्हर्नियर असतो, आणि काय हवंय ते मी बोलत नाही. ताज्या रंगाची फ्रेम दिसली की तिथूनच मागे फिरतो. काकांच्या मते हे जरा जास्तच आहे.

पार्ट काढून ठेवले आणि ती फ्रेम मी भंगाराच्या भावात जाहिरातीला टाकली. स्पष्ट लिहिलं : साधं लोखंड, पुढून चेपलेली, चालवण्यालायक नाही, स्टिकर नकली. पहिला फोन तासाभरात आला. त्याने विचारलं, स्टिकर नीट निघेल का?